दाढेचं दुखणं

सुप्रियानं तोंडावरचा पदर सोडला, खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि डोळे मिटून तोंड उघडलं. दिव्याचा झोत आत पडला. डॉक्टर राजेश्वरींनी छोटा आरसा घालून गाल बाजूला सारला आणि हातातल्या सळईच्या मागच्या टोकानं एकेका दाढेवर हलकेच ठोकलं.

"ही दुखते?"

सुप्रियानं मान हलवली. नाही.

"ही? ही तर हलतेय चांगली."

तीही नाही.

"मग दुखतंय कुठं ताई? बोट ठेवून दाखवा बरं."

सुप्रियानं बोट ठेवलं नाही, अख्खा तळवा ठेवला. डाव्या कानाच्या खालून हनुवटीपर्यंत तो फिरवला आणि पुन्हा मांडीवर घेतला.

दाराशी उभ्या असलेल्या मानसिंगला हे बघून रागच आला. सकाळची टोमॅटोची तोडणी अर्धी टाकून, अंथुर्ण्याहून बारामतीपर्यंत मोटारसायकल हाणत तो बायकोला घेऊन आला होता, आणि इथं हिला स्वतःची दाढ सापडेना.

"अगं, नीट सांग की. घरी तर गाल धरून बसतीस."

"त्येच सांगतीय की. ह्या अंगाला समदंच दुखतंय."

मानसिंग वाईट नवरा नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बायकोच्या दातासाठी बारामती गाठणारे त्याच्या गावात फार नाहीत. बाकीचे लवंग धर म्हणतात आणि रानात निघून जातात. मानसिंग तसला नव्हता. त्याचं एवढंच होतं, की एकदा मत झालं की ते त्याला लगेच चारचौघांत सांगावंसं वाटे, आणि चारचौघांत सांगितलेलं मत मग त्याला बदलता येत नसे. गावात अशी माणसं लोकप्रिय असतात. मानसिंगही होता.

डॉक्टरांनी हिरडीवर बोट दाबलं. दातांच्या कडेनं पिवळसर पू वर आला. हिरड्या काळपट पडून खाली सरकल्या होत्या, त्यामुळं दात लांब दिसत होते. अडतिसाव्या वर्षी हे तोंड साठीच्या बाईचं वाटत होतं.

"रक्त येतं का कधी?"

"आता न्हाय येत." सुप्रियानं बोलताना सवयीनं पदर ओठांवर घेतला. "ऋतिक पोटात व्हता तवा लई यायचं. चूळ भरली की लाल. मग आत्यांनी मिशरी लावाय दिली, तवापासनं थांबलं."

आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, चंद्राबाई. हे सांगताना सुप्रियाच्या आवाजात सासूबद्दलचं कौतुक होतं, आणि ते खोटं नव्हतं. चंद्राबाईंच्या हातची मिशरी आळीत नावाजलेली. तव्यावर तंबाखू अशी बेतानं भाजायच्या, की ती करपायची नाही आणि कच्चीही राहायची नाही. हिरडीतून रक्त आलं की बाया त्यांच्याकडंच यायच्या, आणि रक्त थांबायचंच.

डॉक्टरांचा हात थांबला.

"रक्त थांबलं ताई, रोग नाही थांबला. तंबाखूनं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून रक्त दिसेनासं होतं. आत सडणं चालूच राहतं. तुमचं इतकी वर्षं चालूच आहे." त्यांनी थोडं थांबून विचारलं, "हे दुखतं कधी? चावताना? गार पाणी लागलं की?"

"न्हाय."

"मग?"

"क्रेट घिऊन भराव चढताना."

मानसिंगचं रान कालव्याच्या खालच्या अंगाला होतं आणि माल न्यायला येणारा पिकअप वर, कालव्याच्या रस्त्यावर थांबायचा. भरलेले क्रेट डोक्यावर घेऊन भरावाची चढण चढावी लागे. त्याला यात विशेष काही वाटलं नाही. डॉक्टरांना मात्र वाटलं. त्यांनी हातमोजे काढले आणि स्टूल ओढून सुप्रियाच्या समोर बसल्या.

"आणि वर जाऊन बसलं की?"

"बसलं की जातं. मंग काय बी न्हाय."

"घाम येतो? दम लागतो?"

"येतो की. चढायचं म्हंजी घाम येनारच."

डॉक्टर मानसिंगकडं वळल्या. "तुम्ही जरा आत या. दाढ चढण बघून दुखत नाही. ती बसल्या जागी दुखते, घास चावताना दुखते. चढताना जबडा दुखतो आणि बसल्यावर राहतो, तेव्हा आधी हृदय तपासायचं असतं. बायकांमध्ये तर छातीत न दुखता असंच कुठंतरी दुखतं."

"हृदय?" मानसिंग म्हणाला. "आमी दाताला आलोय."

"माहिती आहे. पण हिरड्यांची सूज तोंडापुरती राहत नाही. अशा हिरड्या असलेल्या माणसांच्या रक्तवाहिन्या तरुणपणीच जाड व्हायला लागलेल्या दिसतात. एकामुळंच दुसरं होतं, असं मी छातीठोकपणे नाही सांगणार. पण दोन्ही दुखणी एकाच माणसात फार वेळा सापडतात, आणि मिशरी दोघांनाही वाढवते. आजच तपासून घ्या."

"बरं. पन ती हलनारी दाढ तेवढी काढा. लांबून आलोय मॅडम."

"दाढ कधीतरी काढावी लागेलच. आज मी तिला हात लावणार नाही." त्यांनी टेबलावरचा फोन उचलला. "रस्त्याच्या पलीकडंच हृदयाचे डॉक्टर आहेत. मी आत्ता बोलते त्यांच्याशी. तुम्हाला थांबावंसुद्धा लागणार नाही."

त्या फोननं सगळं बिघडवलं. त्यांनी घाई केली नसती, जमलं तर बघा असं म्हटलं असतं, तर मानसिंग कदाचित गेलाही असता. पण वर्षानुवर्षं मार्केट यार्डात माल घालणाऱ्या माणसाला दलालीचा वास लांबून येतो. दात बघणारीनं दाताला हात लावायचा नाही आणि गिऱ्हाईक रस्त्यापलीकडं ढकलायचं, तेही स्वतः फोन करून, हे त्याला ओळखीचं वाटलं. बाईंचा चेहरा काळजीनं ओढलेला होता. मानसिंगला त्यात धंदा दिसला.

"बघतो," तो म्हणाला. "घरी इचारून सांगतो."

"घरी विचारण्यासारखं नाही हो हे."

"चल गं."

सुप्रिया खुर्चीतून उतरली. तिनं एकदा डॉक्टरांकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं, आणि चपला पायात सरकवल्या.

बारामती मागं पडल्यावर ती पाठीमागून म्हणाली, "पल्याडच व्हता म्हनं दवाखाना. बघून आलो असतो."

"तुला दुखतंय काय? दाढ का काळीज?"

खड्डा आला तशी तिनं त्याचा खांदा धरला.

"दाढच म्हनायची," ती म्हणाली.

"मग झालं तर."

परतीच्या वाटेवर एका फाट्याला, खताच्या दुकानाशेजारच्या गाळ्यात दातांचा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरनं काही विचारलं नाही. कुठली काढायची म्हणून विचारलं, आणि मानसिंगनंच सांगितलं, हलती ती. इंजेक्शन दिलं, दाढ काढली, कापसाचा बोळा दाबून धरायला लावला. दोन-चार दिवस ओझं उचलू नका, वाकू नका, असंही सांगितलं. मानसिंगला हा माणूस एकदम पसंत पडला.

चंद्राबाईंनी सुनेला हातही हलवू दिला नाही. स्वतः उठून चुलीवर मऊ भात केला, ताकात कालवून दिला. सुप्रिया घरात बसून होती, भराव चढत नव्हती, आणि दुखणं गेलं. जाणारच. पण मानसिंगला वाटलं, दाढ काढली म्हणून गेलं.

मग त्यानं ही हकीकत गावात सांगायला घेतली. देवळाच्या कट्ट्यावर सांगितली, दूध घालायला गेला तिथं सांगितली. सांगता सांगता ती रंगत गेली. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंच्या बोलण्याची तो नक्कलही करायचा. "तुमची दाढ दुखतीय ना? मग काळीज दाखवा. उद्या तुमच्या पायात काटा मोडला तर म्हनंल, डोकं फोडून बघा!" लोक पोट धरून हसायचे. शेजारचे तात्याबा, वयानं सत्तरीच्या पुढचे, तेही हसले आणि म्हणाले, "दाताचा आन् काळजाचा काय संबंध रं?" ते वाक्य लोकांना इतकं आवडलं, की पुढं कुणी काहीही विसंगत बोललं की कट्ट्यावर कुणीतरी म्हणायचंच, दाताचा आन् काळजाचा काय संबंध. मानसिंगला ते ऐकताना बरं वाटायचं.

सुप्रिया पुन्हा तोडणीला जाऊ लागली.

पहिल्याच दिवशी मानसिंग वर पिकअपमध्ये क्रेट लावत होता. त्यानं सहज खाली बघितलं. सुप्रिया चढणीच्या मध्यावर थांबली होती. डोक्यावरचा क्रेट तिनं एका हातानं सावरला होता आणि दुसरा हात डाव्या गालावर होता. तिनं वर बघितलं तशी हात खाली घेतला, पाऊल उचलून तळवा झाडला, जणू काही टोचलं होतं, आणि पुढं चढू लागली.

दुसऱ्या खेपेला ती तिथंच थांबली. तिसऱ्या खेपेला थोडी आधी.

मानसिंगला कळलं. उगाच वाटलं, शंका आली, असलं काही नाही. त्याला स्वच्छ कळलं. हातातला क्रेट त्यानं गाडीच्या फळीवर ठेवला आणि तो खाली उतरून तिच्याकडं गेला.

"दुखतंय का?"

सुप्रियानं क्रेट त्याच्या हातात दिला आणि पदर ओठांवर ओढला. पदराआड ती हसत होती, हे डोळ्यांवरून कळत होतं.

"गावभर सांगून आलाय न्हवं, आता दुखून कसं चालंल?"

मानसिंग हसला. खरंच हसला. बायकोची ही तिरकी जीभ त्याला आवडायची. त्यानं तो क्रेट खांद्यावर घेतला आणि वर नेला. त्या दिवशी उरलेले सगळे क्रेट त्यानंच नेले. त्यानंतर रोज तोच नेऊ लागला. सुप्रिया खाली तोडायची, भरायची आणि शेवटी रिकामी चढून यायची.

हे गावाच्या नजरेतून सुटणार नव्हतंच. भरलेले क्रेट नवरा वाहतोय आणि बायको मोकळी चालतीय, म्हटल्यावर कट्ट्यावर नवा विषय आला. खुद्द चंद्राबाई म्हणाल्या, "मानसिंगा, आता तिची लुगडी बी तूच धू." मानसिंगनं ते सगळं ऐकून घेतलं. बायकोचा बैल म्हणवून घ्यायला त्याला काही वाटलं नाही. मात्र दाढ काढूनही दुखतंय, बारामतीची बाई बरोबर बोलत होती, एवढं एक वाक्य त्याच्या तोंडातून निघेना. रोज सकाळी तो ठरवायचा, आज तिला गाडीवर बसवायचं आणि कुणाला न सांगता बारामतीला न्यायचं. आणि रोज टोमॅटो पिकलेले असायचे. हा तोडा झाला की जाऊ, असं तो स्वतःला सांगायचा. ते त्याला पटायचंही, कारण तोडा खरंच असायचा.

एकदा जेवताना त्यानं विषय काढला. चंद्राबाई बाहेर होत्या.

"बारामतीला जाऊन येऊ का? त्या बाईंकडं?"

सुप्रियानं त्याच्या ताटात भाकरी वाढली. "कशाला? दाढ तर काढली."

"न्हाय, आपलं असंच."

"लोकं काय म्हनतील तुमाला?"

तिला हे टोचून बोलायचं नव्हतं. तिला खरंच त्याची काळजी होती. आपल्यापायी नवऱ्याचं हसं होऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं. मानसिंगला त्या क्षणी म्हणता आलं असतं, की लोक गेले खड्ड्यात. त्याऐवजी त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. तीच नाही म्हणतीय, मग आपण काय करणार, असं त्याला वाटलं, आणि त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला.

ज्या दिवशी ते झालं, त्या दिवशी माल बराच निघाला होता. मानसिंगनं सगळे क्रेट वर आणले आणि पिकअपमध्ये चढून ते लावू लागला. ड्रायव्हर दोर आवळत होता. खाली सुप्रियानं पाण्याची कळशी आणि भाकरीचं फडकं घेतलं आणि ती चढू लागली. मानसिंगनं तिला चढणीला लागलेलं बघितलं आणि पाठ फिरवली. हे तो रोजच करायचा. मध्ये थांबताना आपल्याला कुणी बघतंय म्हटलं की ती न थांबता चढत राहायची, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. तिला निवांत थांबता यावं म्हणून तो तिकडं बघत नसे. ड्रायव्हरचंही लक्ष जाऊ नये म्हणून त्याच्याशी काहीतरी बोलत राही. त्या दिवशी तो टोमॅटोच्या दराबद्दल बोलत होता. मालाच्या आवकेबद्दल बोलत होता. बोलण्यासारखं आणखी काही उरलं नाही तेव्हा त्यानं वळून बघितलं.

सुप्रिया चढणीवर बसलेली होती. कळशी तिनं नीट बाजूला ठेवली होती, पाणी सांडलं नव्हतं. डोकं मात्र गुडघ्यांवर कललं होतं, आणि मानसिंगनं हाक मारली तरी ते वर झालं नाही.

त्याच पिकअपमधून तिला बारामतीला नेलं. क्रेट रस्त्यावरच उतरवून टाकले. दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी झटका मोठा होता असं सांगितलं, आणि आधी कधी छातीत दुखायचं का म्हणून विचारलं. मानसिंग नाही म्हणाला. छातीत कधीच दुखलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी, राख सावडून आल्यावर, माणसं पडवीत सतरंजीवर बसली होती. मुलगा ऋतिक पुण्याहून आला होता, तो आत आजीजवळ होता. मोरगावहून सुप्रियाचा धाकटा भाऊ सुयोग आला होता. तो गुडघ्याला मिठी मारून बसला होता. मग त्यानं विचारलं.

"दाजी, ताईला आधी काय तरास व्हता का?"

त्याच्या विचारण्यात संशय नव्हता. मेलेल्या माणसाबद्दल विचारतात तसं तो विचारत होता.

मानसिंगनं वर बघितलं आणि सगळं सांगितलं. भराव चढताना जबडा दुखायचा, ते सांगितलं. बारामतीच्या बाईंनी हृदय तपासायला सांगितलं होतं, फोन हातात घेतला होता, आपणच तिला उठवून आणलं. भलतीच दाढ काढून आणली. दाढ काढल्यावरही दुखत होतं, हे आपल्याला दिसलं होतं. आपण क्रेट वाहिले, पण तिला नेलं नाही. शेवटच्या दिवशी आपण पाठ करून उभे होतो. कट्ट्यावर गोष्ट रंगवून सांगणाऱ्या मानसिंगला ही गोष्ट मात्र धड सांगता येत नव्हती. तो मध्येच अडायचा, मागं जायचा, पुन्हा सांगायचा. सांगून झाल्यावर तो सुयोगकडं बघत राहिला. त्यानं उठावं आणि आपली गचांडी धरावी, असं त्याला मनापासून वाटत होतं.

तात्याबा खाकरले.

"मानसिंगा, जिवाला लावून घिऊ नगंस बाबा. मरान कुनाला चुकलंय? दाताचा आन् काळजाचा काय संबंध? तुझ्याच गोष्टीतलं न्हवं का ते."

"व्हय की," कुणीतरी म्हणालं. "त्या बाईला काय कळतंय? दातवाली ती. लागला आपला आंधारात दगड, एवढंच."

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. सुयोग सरकत मानसिंगजवळ आला आणि त्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"दाजी, तुमचा काय दोष? ताई मागल्याच आठवड्यात फोनवर म्हनली मला. म्हनली, दाढ काढल्यापास्नं काय बी दुखत न्हाय बघ. यांनी मला क्रेट सुदिक उचलू दिला न्हाय, म्हनली." सुयोगनं बाहीनं डोळे पुसले. "लई कवतिकानं सांगत व्हती."

आतून चहा आला. कप हातोहात पुढं सरकू लागले.

"संबंध हाय," मानसिंग म्हणाला.

कुणी ऐकलं नाही असं वाटून तो पुन्हा म्हणाला, जरा मोठ्यानं.

"तात्याबा, संबंध हाय. बाईंनी सांगितलं व्हतं मला. समजावून सांगितलं व्हतं."

"हाय, हाय," तात्याबा म्हणाले, रडणाऱ्या पोराला म्हणावं तसं, आणि त्यांनी चहाचा कप त्याच्या हातात दिला.